तक्षकाय स्वाहा

बसा. सोफ्यावर नको, तिथे पाहुणे बसतात. जेवणाच्या टेबलाशी बसा, तिघेही एका ओळीत. असे बसलात की मला वर्गात उभं राहिल्यासारखं वाटतं आणि जीभ मोकळी होते.

चहा येईल. दोन जिल्हे ओलांडून, रविवार मोडून, भाईंदर स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांशी हुज्जत घालून तुम्ही इंद्रलोकात आलात. माझा गुडघा बदलला तेव्हा तिघांपैकी एकाचा फोन नव्हता. आज मात्र पेढ्यांचा बॉक्स आहे. पेढे कसले रे? तुमचे साहेब निलंबित झालेत, मग गोड कशाचं? तो बॉक्स आधी टेबलावरून खाली ठेवा. लाच घेऊ नये हे मी तुम्हाला दोनदा शिकवलंय, एकदा भरतीनंतर आणि एकदा खात्याच्या परीक्षेच्या वेळी.

आता मघाशी दारात चपला काढताना जे घाईघाईने सांगितलंत ते मी नीट लावून सांगते. चुकलं तर हात वर करा. तुमच्या पीआय साहेबांनी एका पोराला रात्री नऊ वाजता उचलून आणलं. स्टेशन डायरीत अटक दाखवली पहाटे चारची. मधल्या सात तासांत पोराचा हात मोडला. पोराच्या आईने अर्ज केला, वर्तमानपत्रात आलं, चौकशी लागली, साहेब निलंबित. त्या रात्री ठाणे अंमलदाराच्या मदतीला एक महिला शिपाई होती. तिने जबाबात वेळ नऊचीच सांगितली. तीही माझ्याच हाताखालून गेलेली. म्हणून तुम्हाला वाटलं, मॅडमनी शब्द टाकला तर पोरगी जबाब जरा मऊ करील. ‘मऊ’ हा तुमचाच शब्द. कायद्याच्या तासाला मी तो कधी शिकवल्याचं मला आठवत नाही.

हात कुणी वर केला नाही. म्हणजे बरोबर लावलं.

तुम्ही बसलाय त्या भागाचं नाव काय? इंद्रलोक. बिल्डरने ठेवलं असेल, मिठागरांच्या शेजारी स्वर्ग विकायचा तर नाव भारी लागतं. पण मला या पत्त्यावर राहायला आल्यापासून एकच गोष्ट आठवते. जनमेजयाचं सर्पसत्र. बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला म्हणून पोराने यज्ञ मांडला आणि जगातले साप मंत्राने ओढून आगीत पडू लागले. तक्षक कुठे लपला? इंद्राकडे, त्याच्या उपरण्यात. इंद्र म्हणाला, घाबरू नकोस, मी आहे. मग ऋत्विजांनी मंत्र बदलला, इंद्रासकट तक्षक आगीत पडो म्हणून. त्याचं मराठीत आपण काय केलं? ‘इंद्राय स्वाहा, तक्षकाय स्वाहा’. घरोघर म्हणतात, पण पुढचं विसरतात. स्वतः आगीकडे ओढला जातोय हे कळताच इंद्राने तक्षकाला सोडून दिलं आणि आपला रस्ता धरला. मघापर्यंत अभय देणारा तोच.

तुमच्या ठाण्यात आज काय चाललंय? निम्मे तक्षकाला उपरण्यात लपवतायत आणि निम्मे उपरणं झटकतायत. आणि दोघेही त्याला निष्ठा म्हणतात.

तू हसू नकोस. तुझ्याकडे मी येणारच आहे.

‘मॅडम, शेवटी आपलेच दात, आपलेच ओठ.’ हे कोण म्हणालं? तू ना, रायटर? म्हण छान आहे. पण मला सांग, यात दात कोण आणि ओठ कोण? नेहमी ज्याच्या खांद्यावर जास्त तारे तो ओठ आणि बाकीच्यांनी दात आवरायचे, असा तुमचा हिशेब. ती पोरगी कुणाची? तिचा गणवेश वेगळ्या कापडाचा आहे? तिच्या ओठाला दात लागले तर रक्त येत नाही?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जायला नको. खिडकीतून दिसत नाही, पण इथून रिक्षाने जेसल पार्कला जा, समोर वसईची खाडी आहे. त्या खाडीत तुमच्या खात्यातली एक अधिकारी आहे. आजवर सापडलेली नाही.

अश्विनी बिद्रे-गोरे. नाव ऐकलंय सगळ्यांनी, मान डोलावताय. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातलं आळते गाव, तिथली मुलगी. स्पर्धा परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाली, पुढे सहायक निरीक्षक. तुमच्यासारखीच परेडला उन्हात उभी राहिली असेल, तुमच्यासारखीच कलमं घोकली असतील. ११ एप्रिल २०१६ ला ती नवी मुंबईतून दिसेनाशी झाली. ज्याने तिला मारलं तोही खात्यातलाच, ठाणे ग्रामीणचा वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर. तेव्हा हा सगळा भाग ठाणे ग्रामीणमध्ये होता, मीरा-भाईंदर वसई-विरारचं वेगळं आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला झालं. खून झाला तो भाईंदरातल्या त्याच्या घरात. मृतदेहाचे तुकडे करून खाडीत टाकले. २०१८ मध्ये नौदलाची मदत घेऊन खाडीत शोध घेतला. काही हाती लागलं नाही.

कुणाला काय माहीत होतं आणि कोण गप्प बसलं, ते मी इथे बसून ठरवणार नाही. पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे मीच शिकवलंय. मी फक्त तारखा सांगते. तुम्ही तपासी अंमलदार आहात, तारखा एकाखाली एक लिहिल्या की काय दिसतं ते तुम्हाला कळायला हवं.

जुलै २०१६ मध्ये भावाने तक्रार दिली. त्याआधी तिच्याच फोनवरून नातलगांना संदेश येत राहिले होते, म्हणजे पोरगी आहे कुठेतरी असं वाटावं. अपहरणाचा गुन्हा कळंबोलीला नोंदला गेला ३१ जानेवारी २०१७ ला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं. मी तो निकाल तुम्हाला फळ्यावर लिहून दिला होता. आणि गुन्हा नोंदायच्या पाच दिवस आधी काय झालं? २६ जानेवारी २०१७. प्रजासत्ताक दिन. कुरुंदकरला राष्ट्रपती पदक.

पाच दिवस रे.

पदक आभाळातून पडत नाही. शिफारस लागते. गोपनीय अहवाल लागतात. कुणीतरी टाइप करतं, कुणीतरी वाचतं, कुणीतरी सही करतं. तुझ्यासारखा एखादा रायटर ती फाइल हातात धरून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतो. त्याच काळात आळत्याहून एक भाऊ आणि तिचा नवरा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते. म्हणजे एकाच खात्यात दोन कागद चालले होते, एक पदकाचा आणि एक बेपत्ता बाईचा. कुठला कागद जलद चालला ते तारखांनी सांगितलं. पुढे पनवेलच्या सत्र न्यायालयानेही विचारलं, हे पदक याला मिळालंच कसं म्हणून. मला विचारशील तर हा प्रश्न त्या समितीला जितका आहे तितकाच ‘आपलेच दात’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आहे.

७ डिसेंबर २०१७ ला अटक झाली. ५ एप्रिल २०२५ ला दोषी ठरला. २१ एप्रिल २०२५ ला जन्मठेप. पुरावा नष्ट करायला मदत केली म्हणून आणखी दोघांना शिक्षा झाली, सात-सात वर्षं. एक त्याचा चालक, दुसरा मित्र. निष्ठावान माणसं! साहेबाचा शब्द खाली पडू दिला नाही. चौथा आरोपी निर्दोष सुटला, तेही सांगते, कारण अर्धा निकाल सांगायची सवय मला नाही.

तर माझा प्रश्न. अश्विनी बिद्रे सहकारी नव्हती का? सहायक निरीक्षकच होती ना? मग ‘सहकारी अडचणीत आहे, मागे उभं राहू’ हे वाक्य तिच्यासाठी किती तोंडांतून निघालं? ती नाहीशी झाली तेव्हा तुमच्यापैकी कुणी वर्गणी काढली? मी तर म्हणते तुमच्या बोलीत ‘आपला माणूस’ म्हणजे ज्याची खुर्ची अजून शाबूत आहे तो. किंवा नुकतीच गेलीय पण परत मिळायची शक्यता आहे तो. निलंबन काय, आज आहे उद्या उठेल, साहेब परत येतील, तेव्हा कोण कुठे उभं होतं त्याचा हिशेब होईल. ही भीती पोटात आणि ओठावर म्हण.

चहा घ्या. साखर कमी आहे, तशीच प्या.

आणि तिला न्याय मिळवून दिला तो कुणी? बाहेरून कुणी अवतार आला नव्हता. घरचे हटले नाहीत, उच्च न्यायालयात गेले, ते त्यांचं. पण तपास केला खात्यानेच. सहायक आयुक्त संगीता अल्फान्सो यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी मृतदेह नसलेला खुनाचा खटला उभा केला. मृतदेह नाही, आरोपी कोण तर तपास कसा होतो हे आतून जाणणारा, पुरावा कुठे राहतो आणि कसा पुसतात हे पाठ असलेला माणूस. अशा खटल्यात मोबाइलची ठिकाणं, कॉलचे तपशील, छोटे छोटे कागद एकेक वेचून दोरी वळावी लागते. शिक्षा झाली ती त्या दोरीवर. तुमच्या भाषेत हे लोक कोण? कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ. हो ना? हेच म्हणालात ना मघाशी त्या पोरीला?

तुझा चेहरा पडला. म्हणजे तूच म्हणालास. मला वाटलं होतं हवालदार म्हणाला असेल.

ऐक. दांडा गोतास काळ होतो कारण तो आपल्याच झाडांवर घाव घालायला मदत करतो. त्या पोरीने कुणावर घाव घातला? तिने वेळ सांगितली. नऊ. घड्याळात जे होतं ते. चार वाजता अटक असं डायरीत लिहिलं त्याने घाव घातला, कारण त्या एका ओळीसाठी आता ठाण्यातल्या प्रत्येकाला खोटं पाठ करावं लागतंय. लोक सेवानिवृत्तीला आलेत, एकाच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि सगळ्यांना एका माणसाच्या सात तासांसाठी आपापली रात्र नव्याने रचायची आहे. घाव तो आहे.

आता तुमच्या साहेबांच्या पडण्यानंतरची मजा सांगा. तू रे, मघापासून हसणारा. तुझ्या मोबाइलवर गेल्या गणपतीपर्यंत साहेबांबरोबरचा फोटो होता. मला तूच दाखवला होतास, ‘साहेब म्हणजे बाप’. तो फोटो आता नाही. शिवाय ऐकते की रिकाम्या जागेच्या प्रभारी पदासाठी तू कुणाला तरी भेटून आलास. बरोबर? आणि तरीही आज या दोघांबरोबर इथे आलास, कारण जबाब मऊ झाला तर साहेबांना सांगता येईल, मीही होतो. दोन्ही दगडांवर पाय. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. पण वासे निदान फिरताना आवाज तरी करतात. तू आवाजही केला नाहीस.

साहेब निलंबित होऊन किती दिवस झाले? दीड महिना. त्यांच्या घरी कोण गेलं? कुणीच नाही ना. निर्वाह भत्ता किती मिळतो माहीत आहे? पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका. त्यात पोराच्या कॉलेजची फी, घराचा हप्ता, आईची औषधं. रोज मुख्यालयात हजेरी लावायला जाताना ज्यांनी कडक सॅल्यूट ठोकले तेच फाटकाशी फोनवर बोलत असल्याचं सोंग करतात. मी अशी माणसं पाहिली आहेत. एका निलंबित निरीक्षकाची बायको मला म्हणाली होती, बदनामीचं सोडा, दिवाळीला एकही डबा आला नाही त्याचं वाईट वाटलं. तुमच्या साहेबांच्या बायकोने काय केलंय? तिच्याकडे डबा न्यायला कुठलं कलम आड येतं? तिथे निष्ठा दाखवायला कुणीच तयार नाही, कारण तिथे उपयोग नाही. निष्ठा दाखवायची ती वकिलाच्या वर्गणीत आणि एका शिपाई पोरीच्या मानेवर.

काय म्हणालास? जोरात बोल. ‘मॅडम, आरोप खोटेही असतात.’

असतात! हे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. मुद्दा आहे, आणि त्याला मान देते. २०१५ सालचं मुंबईचं प्रकरण आठवतं? एका हवालदाराकडे सव्वाशे किलोच्या आसपास एमडी हे अमली द्रव्य सापडलं म्हणून राज्यभर बोंब झाली. बेबी पाटणकर प्रकरण म्हणून गाजलेल्या त्या खटल्यात अमली पदार्थविरोधी कक्षाच्या एका वरिष्ठ निरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. ज्यांनी आयुष्य अमली पदार्थ पकडण्यात घालवलं ते कोठडीत गेले. आणि पुढे प्रयोगशाळेचा अहवाल काय आला? ते एमडी नव्हतंच. अजिनोमोटो. चायनीजच्या गाडीवर घालतात ते. तोवर माणसांच्या नोकऱ्या, अब्रू आणि घरातलं बोलणं-चालणं सगळं होरपळून निघालं होतं. तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण मी तुम्हाला ओळखते.

म्हणून पडलेल्या सहकाऱ्याला लाथ मारा असं मी म्हणत नाही. पण ते लोक सुटले कशाने, विचार कर. कुणी जबाब मऊ केला म्हणून? तपासणी झाली म्हणून. खरा अहवाल आला म्हणून. निर्दोष माणसाला खऱ्याचीच गरज असते, दुसऱ्या कशाची नसते. तुमचे साहेब निर्दोष असतील तर त्या पोरीच्या ‘नऊ’ या आकड्याची त्यांना भीती का? नऊला आणलं तर नऊला आणलं म्हणा, का आणलं ते सांगा, हात कसा मोडला ते सांगा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा, आवाजासकट, आणि चित्रण जपून ठेवा म्हणून सांगितलंय. तुमच्याकडे लागलेत ना? मग त्या रात्रीचं चित्रण काढा. काय म्हणता? नेमका त्या रात्री बंद होता? वा. नोकरीभर मी बघतेय, आपल्याकडे यंत्रं फार समजूतदार असतात, केव्हा बंद पडायचं ते त्यांना बरोबर कळतं.

मुंबई गुन्हे शाखेतल्या सचिन वाझेचं उदाहरण मी लांबवत नाही, खटला अजून न्यायालयात आहे. पण एक गोष्ट खात्याच्या कामकाजाची म्हणून सांगते. मार्च २०२१ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा तो एकटा गेला नाही, त्याच्या हाताखालचा एक सहायक निरीक्षकही पाठोपाठ गेला. आणि दहा दिवसांत मुंबईत ८६ जणांच्या बदल्या झाल्या, त्यातले ६५ गुन्हे शाखेचे. त्या ६५ जणांत सरळ काम करणारेही असणारच. एक पडला की भिंतीचा तेवढा कोपरा सगळा येतो. तुम्हाला वाटतं साहेबाला वाचवलं की ठाणं वाचलं. उलट आहे. साहेबाचा हात वेळेवर कुणी धरला नाही म्हणून ठाणं गेलं.

इथेच मला तुमचा खरा राग येतो, बाकीचं तोंडी लावणं होतं.

त्या रात्री नऊ वाजता तुम्ही तिघे कुठे होतात? मला माहीत आहे. पोरीने सांगितलं नाही, तुम्हीच मघाशी बोलता बोलता सांगितलंत, ‘साहेब त्या दिवशी फारच तापले होते मॅडम’. म्हणजे पाहिलंत. तापलेला माणूस पाहिलात, पोर पाहिलंत, मागच्या खोलीचं दार लागलेलं पाहिलंत. वीस वर्षांची नोकरी तुझी, दार लागल्यावर आत काय होतं ते तुला आवाजावरून कळतं. तेव्हा आत जाऊन ‘साहेब, बाहेर या, फोन आहे’ एवढं म्हणायला काय लागत होतं? खोटा फोन चालला असता. त्या एका खोट्याला मी स्वतः पूर्ण गुण दिले असते. पोराचा हात वाचला असता, साहेबांची नोकरी वाचली असती, साहेबांच्या पोराची फी वाचली असती आणि आज रविवारी तुम्ही आपापल्या घरी मटण खात असता.

निष्ठा नऊ वाजता लागत होती. तुम्ही ती दीड महिन्याने घेऊन आलात, तीही पेढ्यांच्या बॉक्सात.

दाराशी जाण्याचं धैर्य त्या रात्री एकीलाच झालं होतं. तुम्हाला माहीत नसेल. पाणी द्यायच्या निमित्ताने ती दोनदा दार वाजवून आली. दुसऱ्यांदा तिला शिवी बसली. ती परत टेबलाशी येऊन बसली आणि घड्याळ बघत राहिली. सगळ्यांत कमी पगाराची, सगळ्यांत नवी, दोन वर्षांचं पोर सासूकडे ठेवून रात्रपाळी करणारी. साहेबांना वाचवायचा प्रयत्न ठाण्यात त्या रात्री कुणी केला असेल तर तिने.

तिला तुम्ही काय दिलंत? यादी मला पाठ आहे. सलग अकरा रात्रपाळ्या. ग्रुपवरून काढलं. जेवायला बसली की टेबल रिकामं. बंदोबस्ताला अशा ठिकाणी जिथे बायकांना जायला बाथरूम नाही. तिच्या नवऱ्याला कुणीतरी फोन केला, बायकोला आवरा म्हणून. तो फोन कुणी केला ते मी विचारत नाही, कारण मला उत्तर मिळालं तर मी तुम्हाला चहाही प्यायला देणार नाही.

डायरीतले नऊचे चार टिकावेत म्हणून तिचा जबाब बदलायला आज इथे आलात. त्या सगळ्याला कायद्यात काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. एखाद्याला शिक्षेतून वाचवण्यासाठी लोकसेवकाने खोटा अभिलेख तयार करणं, जुन्या संहितेत कलम? मोठ्याने. २१८. पुरावा नाहीसा करणं? २०१. ठीक, हे तरी लक्षात आहे. नव्या न्याय संहितेत आकडे बदललेत, गुन्हा तोच आहे. ही कलमं मी तुम्हाला चोरांसाठी शिकवली असं तुमचं मत झालं का? मी प्रत्येक तुकडीला सांगायचे, हे प्रकरण वाचताना आरशासमोर बसा. सगळे हसायचे. मला वाटायचं विनोद कळला. तुम्हाला तो विनोदच वाटला होता तर.

‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ टोपीवर मिरवता. सत् कोण आणि खल कोण हे ठरवताना खांद्यावरचे तारे मोजावेत असं त्यात कुठे लिहिलंय?

नाही, मी तिला काही सांगणार नाही. तिला सांगायचं ते मी काल सांगून झालंय. हो, काल ती इथे होती, पोराला घेऊन. याच खुर्चीत. तुम्ही येणार हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती जबाब मऊ करायला आली नव्हती. ती राजीनाम्याचा मसुदा दाखवायला आली होती. दीड पान. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी तो फाडला.

गप्प का झालात?

वर्गणी किती जमली? चाळीस हजार? चांगली गोष्ट आहे. साहेबांनी वकील द्यावाच, तो त्यांचा हक्क आहे आणि चांगला द्यावा. त्यातले काही पैसे वहिनींच्या घरखर्चाला द्या, हातात नेऊन द्या, दारात उभं राहून नव्हे, आत बसून. हवालदार, हे काम तुझं, तुझी बायको बरोबर ने. आणि त्या पोराच्या प्लास्टरचा खर्च कुणी केला याची चौकशी कर. माझ्या माहितीप्रमाणे त्याची आई धुणीभांडी करते. तिच्याकडे जाऊ नका, साक्षीदारावर दबाव म्हणून उद्या तुमच्याच अंगावर येईल. पण माहिती असू दे, झोप उडायला उपयोगी पडते.

आणि तुझं, प्रभारी साहेब. तो फोटो परत लाव असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीचा तक्ता आता तूच लावतोस ना? मग बाराव्या रात्री तिचं नाव कुणी लिहिलं हे मला कळायला वेळ लागला नाही. मोबाइल काढ. तक्ता बदल. आत्ता, माझ्यासमोर. तिच्या जागी कुणाला टाकायचं? स्वतःला टाक.

झालं? दाखव. ठीक.

आता हे घ्या. तीन कोरे कागद, तीन पेनं. त्या रात्री साडेआठपासून पहाटे साडेचारपर्यंत तुम्ही कुठे होतात, काय पाहिलंत, काय ऐकलंत, ते वेळेसह लिहायचं. ऐकीव नको. ‘साहेब चांगले आहेत’ नको. खाली सही, तारीख. लिहून झाल्यावर तो कागद कुठे द्यायचा ते तुम्हाला माहीत आहे, मला देऊ नका, मी निवृत्त बाई आहे. तुमची गाडी साडेनऊची. आता पावणेसहा झालेत, पुष्कळ वेळ आहे.

मधे खुर्ची सोडा एक. अजून एक. हं. एकमेकांचं बघून लिहायचं नाही.